महागड्या फोनची चौकट कोणत्या धातूची घ्यावी? नागपूरच्या उन्हात राहणाऱ्यांसाठी सविस्तर मार्गदर्शन

लाखाच्या घरातला फोन घ्यायला बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, गेलेल्या ग्राहकासमोर आता कॅमेरा आणि बॅटरीच्या जोडीने आणखी एक प्रश्न येतो, तो म्हणजे फोनच्या चारही बाजूंनी फिरणाऱ्या धातूच्या चौकटीचा. नव्या फोनांत ॲल्युमिनियम आणि टायटॅनियम हे दोन पर्याय असतात, तर वापरलेल्या फोनांत स्टेनलेस स्टीलही भेटते. दुकानातला विक्रेता टायटॅनियमचे नाव घेताना आवाज जरा चढवतो आणि ॲल्युमिनियम म्हटले की विषय पटकन बदलतो, त्यामुळे महाग धातू तो चांगला अशी समजूत करून ग्राहक बाहेर पडतो. माझे मत वेगळे आहे. नागपुरात राहणाऱ्या, फोनला कव्हर घालणाऱ्या आणि उन्हातान्हात फोन वापरणाऱ्या बहुतेकांसाठी ॲल्युमिनियम हीच पहिली निवड असावी. टायटॅनियम काही ठरावीक लोकांनीच मुद्दाम मागून घ्यावे आणि स्टील केवळ जुना फोन स्वस्तात मिळत असेल तरच विचारात घ्यावे. असे का, आणि तुमची गरज यापेक्षा वेगळी असेल तर ती कशी ओळखावी, हे पुढे क्रमाने सांगितले आहे.

आधी तिन्ही धातूंची नीट ओळख

फोनमध्ये शुद्ध ॲल्युमिनियम नसते, त्याची मिश्रधातू असते. ६००० मालिकेत मॅग्नेशियम आणि सिलिकॉन, तर ७००० मालिकेत मुख्यत्वे जस्त मिसळलेले असते आणि त्यामुळे ती अधिक बळकट असते. २०१४ साली आलेल्या आयफोन ६ ची चौकट खिशात वाकल्याच्या तक्रारी जगभर गाजल्या, आणि पुढच्याच वर्षी आयफोन ६ एस ७००० मालिकेच्या ॲल्युमिनियमचा करण्यात आला. जाहिरातीत दिसणारा ‘विमानात वापरतात ते ॲल्युमिनियम’ हा शब्दप्रयोग मात्र फारसे काही सांगत नाही, कारण विमानात दोन्ही मालिका वापरल्या जातात.

फोनमधले स्टेनलेस स्टील साधारणपणे ३१६ या जातीचे असते. त्यात क्रोमियम आणि निकेल तर असतेच, शिवाय २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असते, ज्यामुळे घामातल्या मिठापुढे ते टिकून राहते. टायटॅनियममध्ये ‘ग्रेड ५’ हे नाव वारंवार ऐकू येते. त्यात सुमारे ९० टक्के टायटॅनियम, ६ टक्के ॲल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम असते.

पुढच्या सगळ्या हिशेबाला लागणारे आकडे मोजकेच आहेत. एक घन सेंटिमीटर ॲल्युमिनियमचे वजन सुमारे २.७ ग्रॅम, ग्रेड ५ टायटॅनियमचे ४.४ ग्रॅम आणि स्टीलचे ८ ग्रॅम भरते. ताठपणात स्टील सर्वांत पुढे आहे, टायटॅनियम त्याच्या निम्म्याहून थोडे अधिक आणि ॲल्युमिनियम साधारण एकतृतीयांश. उष्णता वाहून नेण्यात हा क्रम बदलतो आणि ॲल्युमिनियम सर्वांत पुढे जाते. फोनसाठी वापरल्या जाणाऱ्या ॲल्युमिनियमची उष्णतावाहकता जातीनुसार १३० ते २०० वॅट प्रतिमीटर-केल्विन, स्टीलची १६ च्या आसपास आणि ग्रेड ५ टायटॅनियमची केवळ ७ असते. नागपूरकराने यातला हा शेवटचा आकडा विशेष लक्षात ठेवावा.

पहिली पायरी: कव्हर घालणार की नाही, हे प्रामाणिकपणे ठरवा

हा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण अर्धा निर्णय इथेच होतो. चौकटीचा स्पर्श, तिची चकाकी, तिच्यावरचे ओरखडे आणि बोटांचे ठसे हे सगळे कव्हर चढवल्याक्षणी गैरलागू ठरते. कव्हरखाली उरतात फक्त तीन गोष्टी: वजन, ताठपणा आणि उष्णता. यातला ताठपणा आजच्या तिन्ही धातूंच्या चांगल्या फोनांत रोजच्या वापरापुरता असतोच. म्हणजे कव्हरवाल्या ग्राहकाने वजन आणि उष्णता एवढेच पाहावे, आणि या दोन्ही कसोट्यांवर ॲल्युमिनियम सरस ठरते. दुकानातून निघण्यापूर्वीच कव्हर आणि टेम्पर्ड ग्लास लावून घेणाऱ्याने टायटॅनियमसाठी वेगळे पैसे मोजणे मला तरी पटत नाही.

कव्हर न घालता फोन वापरणारे लोक कमी असले तरी आहेत, आणि त्यांच्यासाठी पृष्ठभागाचा भाग महत्त्वाचा आहे. तो पुढे येईलच.

दुसरी पायरी: तुमचा फोन उन्हात किती असतो?

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि नवतपाचे दिवस कसे असतात हे येथे कोणाला सांगायला नको. ॲपल आपले फोन ० ते ३५ अंश तापमानाच्या हवेत वापरावेत असे सांगते, आणि बंद फोन ठेवण्याची मर्यादा ४५ अंशांपर्यंत देते. म्हणजे आपल्याकडच्या उन्हाळ्यातली दुपार सावलीतसुद्धा वापराच्या मर्यादेबाहेर असते. दुपारी उन्हात उभ्या केलेल्या मोटारीच्या डॅशबोर्डवर ठेवलेला फोन तर ठेवण्याच्या मर्यादेच्याही बाहेर जातो.

येथे एक मूलभूत गोष्ट समजून घ्यावी. उष्णता गरम वस्तूकडून थंड वस्तूकडेच जाते, त्यामुळे हवा ४५ अंशांची असेल तर कोणत्याही धातूचा फोन सावलीत नुसता ठेवून ४५ च्या खाली येणार नाही. धातूच्या हातात एवढेच असते की प्रोसेसरजवळ साचलेली उष्णता लवकर सगळ्या अंगभर पसरवायची, म्हणजे एकाच ठिकाणी चटका बसत नाही, बाहेर टाकायला पृष्ठभाग मोठा मिळतो आणि फोनला स्वतःचा वेग लवकर कमी करावा लागत नाही. हे काम ॲल्युमिनियम चोख करते, टायटॅनियम जवळपास करतच नाही.

म्हणूनच टायटॅनियमच्या फोनांत बहुधा आतला सांगाडा ॲल्युमिनियमचाच ठेवतात. २०२३ च्या आयफोन १५ प्रो मध्ये टायटॅनियमची पट्टी बाहेरून असून ती आतल्या ॲल्युमिनियमच्या सांगाड्याला उष्णता आणि दाब देऊन, न वितळवता, कायमची जोडलेली आहे. तो फोन सुरुवातीला फार तापतो अशी ओरड झाली तेव्हा बऱ्याच जणांनी टायटॅनियमला दोष दिला. ॲपलने मात्र कारण सॉफ्टवेअरमधील दोष आणि काही ॲप असल्याचे सांगून सुधारणा दिली. तेव्हा बाहेरच्या पट्टीचे नाव वाचून तापण्याचा निष्कर्ष काढू नये, आतली रचनाही पाहावी.

तरीही कंपन्यांचा कल पुरेसा बोलका आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये ॲपलने एकाच दिवशी दोन महागडे फोन दाखवले. आयफोन १७ प्रो साठी तिने टायटॅनियम सोडून ७००० मालिकेचे ॲल्युमिनियम घेतले आणि त्याला बाष्प-कक्षाची जोड दिली. या सपाट, बंद कक्षातले थोडेसे पाणी प्रोसेसरजवळ वाफ होते आणि थंड बाजूला पुन्हा पाणी होऊन उष्णता तिकडे सोडते. त्याच दिवशी आलेल्या ५.६ मिलिमीटर जाडीच्या आयफोन एअरला मात्र टायटॅनियमच दिले. ज्या फोनवर तासन्‌तास व्हिडिओ आणि खेळ चालायचे त्याला उष्णता वाहणारा धातू आणि ज्याला पातळपणामुळे वाकण्याची भीती त्याला बळकट धातू, असा हा सरळ हिशेब आहे. तोच हिशेब आपण आपल्या वापराला लावायचा.

दुचाकीच्या हँडलवर फोन अडकवून वर्धा रोडने दुपारी जाणाऱ्याचे उदाहरण घेऊ. डोक्यावर ऊन आहे, पडदा पूर्ण उजेडावर आहे, नकाशा चालू आहे, मोबाइल डेटा चालू आहे आणि बहुतेकदा चार्जिंगची वायरही लागलेली आहे. उष्णतेचे पाच स्रोत एकाच वेळी काम करत असतात. थोड्याच वेळात पडदा आपोआप मंद होतो, चार्जिंग थांबते आणि शेवटी तापमानाचा इशारा येतो. असा वापर रोजचा असेल तर ॲल्युमिनियम, आणि त्यातही बाष्प-कक्ष असलेला फोन, घ्यावा. जाता जाता एवढे सांगतो की मोटरसायकलच्या हादऱ्यांनी कॅमेऱ्यातली भिंग स्थिर ठेवणारी यंत्रणा बिघडू शकते असा इशारा ॲपलनेच दिलेला आहे, आणि तेथे चौकटीचा धातू काहीच मदत करत नाही.

आणखी एक गैरसमज. तापलेला ॲल्युमिनियमचा फोन हाताला तेवढ्याच तापलेल्या टायटॅनियमच्या फोनपेक्षा अधिक गरम लागतो, कारण ॲल्युमिनियम आपली उष्णता बोटाला झटकन देते. दुकानात हाताला गार-गरम लागण्यावरून कोणता फोन अधिक तापतो हे ठरवू नये. हाताला गरम लागणारा फोन आतून बरेचदा सुखी असतो.

तिसरी पायरी: वजनाचा हिशेब

साडेसहा इंचांच्या आतल्या एका फोनची चौकट म्हणजे १५० बाय ७१ मिलिमीटरच्या आयताभोवती ८ मिलिमीटर रुंद आणि दीड मिलिमीटर जाड पट्टी असे समजू. तिचे आकारमान साधारण ५.३ घन सेंटिमीटर होते. ही पट्टी ॲल्युमिनियमची असेल तर १४ ग्रॅम, टायटॅनियमची २३ ते २४ ग्रॅम आणि स्टीलची ४२ ग्रॅम भरेल. स्टीलकडून टायटॅनियमकडे गेल्यावर फरक हाताला कळतो. स्टीलचा आयफोन १४ प्रो २०६ ग्रॅमचा होता, टायटॅनियमचा १५ प्रो १८७ ग्रॅमचा झाला. पण ॲल्युमिनियमकडून टायटॅनियमकडे गेल्यावर वजन घटण्याचे काही कारणच नाही. सॅमसंगच्या ॲल्युमिनियमच्या एस२३ अल्ट्रा आणि टायटॅनियमच्या एस२४ अल्ट्रा यांच्या वजनात जेमतेम एक-दोन ग्रॅमचा फरक आहे. ‘टायटॅनियम म्हणून हलका’ हे वाक्य ऐकले की कशाच्या तुलनेत हलका, एवढेच विचारावे.

चौथी पायरी: वाकणे आणि पडणे हे दोन वेगळे प्रश्न आहेत

वाकण्याविरुद्ध टायटॅनियमची बाजू भक्कम आहे. ग्रेड ५ टायटॅनियम कायमचे वाकायला लागणारा जोर ६००० मालिकेच्या ॲल्युमिनियमच्या तिप्पट आणि ७००० मालिकेच्या दीडपटीहून अधिक असतो. मात्र फोनचे वाकणे चौकटीच्या धातूइतकेच तिच्या जाडीवर, आतल्या सांगाड्यावर आणि बटणांसाठी पाडलेल्या खाचांवर अवलंबून असते. आठ मिलिमीटरच्या आसपास जाडीचा आजचा ॲल्युमिनियमचा फोन मागच्या खिशात ठेवून बसल्याने वाकेल अशी भीती फारशी उरलेली नाही. तुम्हाला सहा मिलिमीटरच्या आतला फोनच हवा असेल, तर टायटॅनियम मागणे शहाणपणाचे आहे.

पडण्याचे गणित अधिक गुंतागुंतीचे आहे. फोन बहुधा कोपऱ्यावर पडतो. ॲल्युमिनियमचा कोपरा अशा वेळी दबतो, त्याला पोचा पडतो आणि आघाताची थोडी ऊर्जा त्या दबण्यात खर्ची पडते. टायटॅनियम आणि स्टील कमी दबतात, त्यामुळे बाहेरून ते साबूत दिसतात, पण आघात काचेकडे अधिक सरकण्याची शक्यता असते. दुसऱ्या बाजूने पाहता, दबलेला ॲल्युमिनियमचा कोपरा आत येऊन काचेच्या कडेला टेकला की तेथूनच पुढे तडा जातो. यातून एक ठाम उत्तर निघत नाही आणि जो विक्रेता ते देतो त्याच्यावर विश्वास ठेवू नये. काच फुटण्याविरुद्ध चौकटीच्या धातूपेक्षा कोपऱ्याला हवेची पोकळी असलेले रबरी कव्हर कितीतरी अधिक उपयोगी पडते.

दुरुस्तीच्या वेळी मात्र धातूचा फरक उघड दिसतो. पडदा बदलायला नेलेल्या फोनचा कोपरा दबलेला असेल तर नवा पडदा त्या खाचेत सपाट बसत नाही, एका बाजूने केसाएवढा वर राहतो, आणि त्या फटीतून धूळ आणि पावसाळ्यात पाणी आत जाते. ॲल्युमिनियमचा कोपरा कारागीर हळूहळू दाबून किंवा घासून जागेवर आणू शकतो. टायटॅनियम दाबल्यावर पुन्हा मागे उसळते आणि घासायलाही चिवट असते, त्यामुळे ते सहजासहजी दबत नाही हे खरे असले तरी एकदा दबले की सरळ करणे अवघड जाते.

पाचवी पायरी: कव्हर नसेल तर पृष्ठभाग पाहा

ॲल्युमिनियमवरचा रंग हा रंगाचा हात नसतो. ॲनोडायझिंग नावाच्या विद्युत-रासायनिक प्रक्रियेत धातूच्या पृष्ठभागावरच त्याच्या ऑक्साइडचा थर वाढवतात, त्या थराच्या सूक्ष्म छिद्रांत रंग भरतात आणि मग छिद्रे बंद करतात. हा थर मूळ धातूपेक्षा कितीतरी कठीण असतो, पण त्याची जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास असते आणि तो पृष्ठभागाला काटकोनात वाढतो. त्यामुळे तीक्ष्ण कडेवर दोन्ही बाजूंचे थर एकमेकांना नीट मिळत नाहीत आणि तेथेच टवका उडतो. आयफोन १७ प्रो बाजारात आल्यावर कॅमेऱ्याच्या उंचवट्याच्या धारेवरचा रंग उडाल्याच्या तक्रारी आल्या, त्याचे कारण हेच. म्हणून ॲल्युमिनियमचा फोन विनाकव्हर वापरायचा असेल तर गोलसर कडांचा निवडावा आणि रंग चंदेरी घ्यावा, कारण टवका उडाला तरी खालचा धातू त्याच रंगाचा असतो. गडद निळ्या किंवा काळ्या फोनवरचा पांढरा टवका हातभर अंतरावरूनही दिसतो.

टायटॅनियम आणि स्टीलला रंग देण्यासाठी निर्वात पेटीत धातूच्या वाफेचा काही मायक्रॉनचा थर चढवतात. तो कठीण असतो, पण वाळूचा कण त्यालाही ओरखडतो. येथेही मूळ धातूच्या रंगाचा फोन घेतलेला बरा. चकाकत्या स्टीलवर बारीक ओरखड्यांचे जाळे काही महिन्यांतच दिसू लागते, मात्र ते पॉलिश करून घालवता येते. टायटॅनियमवर बोटांच्या तेलाने रंग बदलल्यासारखे डाग दिसतात, ते मऊ, किंचित ओल्या फडक्याने पुसले की जातात.

घामाचा त्रास तिन्ही धातू चांगला सोसतात. ज्यांना निकेलची ॲलर्जी आहे, म्हणजे घड्याळाच्या बकलाने किंवा नकली दागिन्याने ज्यांच्या कातडीवर पुरळ येते, त्यांनी तेवढे स्टील टाळावे.

नेटवर्कचा प्रश्नही लोक विचारतात. तिन्ही धातू रेडिओ लहरी अडवतातच. म्हणून चौकटीत प्लास्टिकच्या बारीक पट्ट्या घालून तिचे तुकडे पाडलेले असतात आणि त्या तुकड्यांचाच अँटेना म्हणून उपयोग केला जातो. धातूवरून नेटवर्क चांगले-वाईट ठरत नाही.

सहावी पायरी: दुकानात काय पाहावे, काय विचारावे

कंपनीच्या संकेतस्थळावरील तपशिलात चौकटीचा धातू दिलेला असतो, तो घरूनच वाचून जावे. नुसते ‘धातूची चौकट’ असे लिहिले असेल तर ते बहुधा ॲल्युमिनियम समजावे. डोळ्यांनी ओळखण्याच्या भरवशावर राहू नये. आरशासारखी चकाकी म्हणजे स्टीलच असे नाही, गुगलच्या पिक्सेल ९ प्रो ची चकाकती कड ॲल्युमिनियमचीच आहे. इतवारीच्या भांडे बाजारात चुंबक लावून स्टील पारखण्याची जी युक्ती चालते, ती येथे फसते, कारण ३१६ जातीचे स्टील चुंबकाला जवळजवळ दाद देत नाही आणि फोनच्या आत स्पीकरचे चुंबक स्वतःच ओढ लावतात.

प्रदर्शनातला फोन हातात घेऊन त्याच्या चार्जिंगच्या छिद्राची कड आणि कॅमेऱ्याभोवतीची धार निरखून पाहावी. शेकडो हातांतून गेलेल्या त्या फोनवर वर्षभराने तुमच्या फोनची जी अवस्था होणार, ती आधीच दिसते. त्यानंतर एकच प्रश्न विचारावा: चौकट दबली तर ती वेगळी बदलून मिळते का, आणि खर्च किती? अनेक फोनांत चौकट वेगळी मिळत नाही, पूर्ण सांगाडाच बदलावा लागतो, आणि मग तो आकडा पडद्याच्या खर्चाशी स्पर्धा करतो.

वापरलेला स्टीलचा फोन घेताना

२०१७ च्या आयफोन एक्स पासून २०२२ च्या १४ प्रो पर्यंत ॲपलच्या वरच्या फोनांची चौकट स्टीलची होती, आणि तेच फोन आज जुन्या बाजारात मिळतात. स्टील ताठ असल्याने असा फोन वाकलेला सहसा नसतो, पण खात्रीसाठी तो सपाट काचेवर पडदा खाली करून ठेवावा आणि चारही कोपरे आळीपाळीने दाबून पाहावेत. डुगडुगला तर घेऊ नये. कोपऱ्यातल्या खोल खुणा म्हणजे फोन जोरात पडलेला आहे, मग चौकट कितीही चमकत असो. अति चमकणारी चौकट तर उलट जास्त तपासावी, कारण पॉलिश केलेल्या स्टीलवर पडल्याच्या खुणा बुजवता येतात. अशा वेळी पडदा आणि चौकट यांच्यातली फट नखाने चाचपावी. ती चारही बाजूंना सारखी नसेल तर फोन उघडलेला आहे, आणि त्याच्या पाण्यापासूनच्या संरक्षणावर भरवसा ठेवता येत नाही.

घेतल्यानंतर उन्हाळ्यापुरती काळजी

धातू कोणताही असो, जाड रबरी कव्हर उष्णता कोंडून धरते. एप्रिल ते जून या काळात पातळ कव्हर वापरावे, आणि नकाशा लावून गाडी चालवताना त्याच वेळी चार्जिंग करू नये. वायरलेस चार्जिंग तर उन्हाळ्यात दुपारी टाळलेलेच बरे, कारण त्यात वायरीपेक्षा अधिक उष्णता निघते. तापलेला फोन कव्हर काढून सावलीत, टाइल्सच्या गार फरशीवर ठेवावा. ॲल्युमिनियमच्या फोनला त्याचा फायदा लवकर होतो. कुलरच्या हवेत ठेवायला हरकत नाही, फक्त पाण्याचे तुषार उडतील इतका जवळ नको. फ्रिजमध्ये मात्र कधीही ठेवू नये, कारण बाहेर काढल्यावर हवेतली वाफ गार झालेल्या अंगावर आणि फटींत पाणी होऊन बसते.